माशीला कुंपण कळत नाही

मधपाळांच्या संघाची वार्षिक सभा कुठलीही असो, हिशेब मंजूर व्हायच्या आत एक वाद हमखास पेटतो. एक गट विचारतो, संघ आमचा मध चांगल्या भावाने उचलत नसेल तर वर्गणी कशाला भरायची? दुसरा गट, बहुधा तरुणांचा, म्हणतो, आता सगळी माहिती मोबाइलवर मिळते, मग सत्कार आणि गटफोटो यांपलीकडे संघ करतो काय? दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघांच्याही बोलण्यामागे गृहीत एकच असतं. संघ म्हणजे दुकान. वर्गणी टाकायची, बदल्यात माल घ्यायचा. पहिल्याला माल कमी भरतो, दुसऱ्याला तोच माल बाहेर फुकट मिळतो. मला ही दुकानाची उपमाच चुकलेली वाटते. संघाने मध विकायला मदत करावी, नवख्यांना शिकवावं, दोन्ही कामं चांगलीच आहेत. पण ती दोन्ही उद्या दुसऱ्या कुणी केली तरी संघ लागेलच, कारण मधमाशीपालन हा एकट्याने करायचा धंदा नाही आणि तो कधी नव्हताही.

शेळी दावणीला राहते, पीक बांधाशी थांबतं. माशी पेटीच्या दारातून निघाली की दोन-तीन किलोमीटर सहज जाते, आणि फुलोरा कमी असला तर त्याहूनही लांब. दोन किलोमीटरचंच वर्तुळ धरलं तरी ते साडेबाराशे हेक्टरांचं होतं. माझ्या पेट्या ज्या जागेत आहेत ती अर्धा एकरही नाही. म्हणजे माझं जनावर ज्या रानात चरतं त्या रानावर माझा काडीचा हक्क नाही, आणि त्याच रानात आणखी दहा जणांच्या माश्या चरताहेत. बरं, त्या नुसत्या चरत नाहीत. फुलं आटली की जोमदार वसाहती दुबळ्या वसाहतींवर तुटून पडतात आणि मध लुटून आणतात. जी वसाहत रोगाने खचली आहे तीच दुबळी असते. त्यामुळे लुटीच्या मधाबरोबर रोगही घरी येतो. वाट चुकलेल्या माश्या आणि भटके नर परक्या पेटीत शिरतात ते वेगळंच. शेजाऱ्याच्या आळसाची शिक्षा आपल्या जनावराला व्हावी, असे धंदे फार नाहीत.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझ्या तिसऱ्या वर्षी मी व्हरोआवर, म्हणजे माश्यांच्या अंगाला चिकटून जगणाऱ्या परजीवी कोळ्यावर, वेळच्या वेळी औषधाच्या पट्ट्या लावल्या, ठरलेल्या दिवशी काढल्या, वहीत नोंद केली आणि निश्चिंत झालो. दीड महिन्याने संघाचे एक जुने सभासद पाहायला आले. काका पेटीसमोर बसले, पिल्लांच्या चौकटीवरच्या माश्या अर्धा कप भरतील इतक्या एका बरणीत झटकल्या. चौकटीवर राणी नाही ना, हे आधी दोनदा पाहून घेतलं. अर्ध्या कपात साधारण तीनशे माश्या बसतात. वरून दोन चमचे पिठीसाखर, तोंडाला जाळीचं झाकण. बरणी हलक्या हाताने घोळवली, मिनिटभर तशीच ठेवली आणि मग पांढऱ्या ताटलीवर उलटी धरून हलवली. साखरेबरोबर तांबूस-तपकिरी ठिपके पडायला लागले. थोडं पाणी शिंपडल्यावर साखर विरघळली आणि ठिपके चालू लागले. चौदा निघाले. शंभर माश्यांमागे तीन, म्हणजे तीनशेत नऊ, ही सर्वसाधारण धोक्याची रेघ मानतात. साखरेने माखलेल्या माश्या त्यांनी परत पेटीत सोडल्या आणि विचारलं, "आसपास कुणाच्या पेट्या आहेत?" माझ्या औषधात चूक नव्हती. दोनेक किलोमीटरवर एकाच्या आठ पेट्या होत्या. त्याने औषध लावलंच नव्हतं, त्याच्या वसाहती कोसळत होत्या आणि माझ्या माश्या तिथून मध आणि कोळी दोन्ही उचलून आणत होत्या.

आता मोबाइलवाल्यांचा मुद्दा घेऊ. त्यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. बरणी आणि पिठीसाखरेची ही चाचणी मोबाइलवर शेकडो चित्रफितींत पाहायला मिळते, काकांपेक्षा जास्त स्पष्टपणे. पण दोन किलोमीटरवरच्या आठ पेट्या मोबाइल दाखवत नाही. औषध कसं लावायचं हे तो सांगेल. पण या टापूतल्या सगळ्यांनी याच पंधरवड्यात लावायचं, हे कोण ठरवणार? शिवाय एकच औषध सगळे वर्षानुवर्षं वापरत राहिले की कोळी त्याला दाद देईनासे होतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इटलीत फ्लुव्हॅलिनेट या कोळ्यांवरच्या औषधाच्या बाबतीत हेच झालं आणि मग ते देशोदेशी होत गेलं. म्हणून औषध आलटून पालटून वापरायचं असतं. मी एकट्याने बदललं आणि भोवतालच्या नऊ जणांनी जुनंच चालू ठेवलं, तर मी काय मिळवलं? माहिती एकेकट्याची असू शकते, वेळापत्रक नाही.

भावाचा मुद्दा यापेक्षा वजनदार आहे. मध विकला गेला नाही तर बाकीच्या शहाणपणाला अर्थ नाही, पेट्या काही हौसेवर चालत नाहीत. आणि विक्रीसाठी एकत्र येणं यशस्वी होतं याचे दाखलेही आहेत. कूर्गमधल्या विराजपेटची मध आणि मेण उत्पादकांची सहकारी संस्था १९३६ची. घरोघरच्या थोड्या थोड्या मधाला तिने एक नाव, एक बाजार मिळवून दिला. असं काम होत असेल तर संघाने दुसरं काही केलं नाही तरी चालेल, असं कुणाला वाटलं तर त्याला मी वेड्यात काढणार नाही. पण त्याच प्रदेशाची पुढची गोष्ट पाहा. १९९१-९२च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगाची लाट दक्षिण भारतात आली. सातेरी या देशी मधमाशीच्या अळ्या कोठडीतच मरून पाण्याच्या पिशव्यांसारख्या होऊ लागल्या आणि केरळ-कर्नाटकातल्या बहुतेक पाळीव वसाहती संपल्या. विषाणूवर औषध नव्हतं. विक्रीची यंत्रणा कितीही चोख असली तरी पेटीत माशीच नसेल तर विकायचं काय? पुढे सावरायला मदत झाली ती तगून राहिलेल्या वसाहतींची. त्या कुणाकडे आहेत हे शोधायचं, त्यांचंच विभाजन करून वाटायचं. हे काम दहा पेट्यांच्या मालकाच्या आवाक्यातलं नाही. त्याला शंभर जणांच्या वह्या एकत्र लागतात.

शिवाय भाव पडतो कशाने, हेही विचारायला हवं. युरोपीय आयोगाने २०२३ मध्ये आयात मधाच्या तपासणीचे निकाल जाहीर केले. ३२० नमुन्यांपैकी १४७, म्हणजे ४६ टक्के नमुने साखरेच्या पाकाच्या भेसळीचे संशयित निघाले. तांदूळ, गहू किंवा बीट यांच्यापासून केलेला पाक मधापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो आणि जुन्या चाचण्यांतून निसटूनही जातो. या मालाशी संघाने भावाची स्पर्धा करावी, हे मागणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. संघाने मध उचलला तरी तो शेवटी त्याच बाजारात, त्याच पाकाच्या शेजारी जाऊन बसणार. संघाने करायचं ते असं: सभासदांच्या मधातलं पाण्याचं प्रमाण मोजून द्यायचं, नमुने जपायचे, मध कुठल्या टापूतला, कुठल्या हंगामातला याची नोंद ठेवायची आणि भेसळीच्या चाचण्या कडक करा म्हणून सरकारच्या दारात बसायचं. ओलावा मोजायचं उपकरण हातात मावतं, पण पाच पेट्यांवाला ते सहसा घेत नाही आणि मग कच्चा मध काढून बसतो. वीस टक्क्यांवर ओलावा गेला की मध आंबायची भीती. संघाने एक घेतलं तर पन्नास जणांचं भागतं. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचा फोटो निघत नाही. भाव टिकवण्याचा पाया मात्र तिथे आहे.

दाराशी बसायचं म्हटलं की लोक हसतात. निवेदनांनी काय होतं? २००८च्या वसंतात जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या वरच्या खोऱ्यात मक्याची पेरणी चालू होती. बियाण्याला क्लोथियानिडिन या कीटकनाशकाचा लेप होता, तो नीट चिकटला नव्हता. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेरणीयंत्रांतून त्याची धूळ उडाली आणि फुलोऱ्यावर जाऊन बसली. पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचे थर साचले. समजा, हे एकाच मधपाळाच्या बाबतीत झालं असतं. काय उत्तर मिळालं असतं? तुमच्या माश्या आजारी असतील, उपाशी असतील, तुम्हीच काहीतरी चुकीचं फवारलं असेल. पण तक्रारी सुमारे सातशे मधपाळांच्या होत्या, साडेअकरा हजारांच्या आसपास वसाहतींच्या, एकाच महिन्यातल्या, एकाच पट्ट्यातल्या. नमुने प्रयोगशाळेत गेले, विष सापडलं आणि मे महिन्यातच त्या लेपाचा परवाना स्थगित झाला. त्याआधी फ्रान्सच्या मधपाळ संघटना सूर्यफुलाच्या बियाण्यावरच्या इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाविरुद्ध काही वर्षं भांडल्या आणि १९९९ मध्ये तो वापर तिथे थांबला. युरोपीय संघाने अशा तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर बंद केला तो २०१८ मध्ये. एकाच्या दारातल्या मेलेल्या माश्या ही त्याची आपत्ती असते, सातशे दारांतल्या माश्या हा पुरावा होतो. गाव करील ते राव काय करील, ही म्हण इतक्या शब्दशः खरी ठरलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

याच्या उलट चित्र पाहायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागेल. १९०६च्या सुमारास इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या वाइट बेटावर माश्या पेटीपुढे सरपटत मरू लागल्या. पुढच्या बारा-तेरा वर्षांत ती साथ ब्रिटनभर फिरली. ब्रिटिश मधपाळांची संघटना तेव्हा नवी नव्हती, तिची स्थापना १८७४ची. पण रोगी पेट्या तपासायचा आणि नष्ट करायचा अधिकार कुणालाच नव्हता. ज्याने त्याने आपापला उतारा केला, बाटल्यांतून रामबाण उपाय विकले गेले, आजारी वसाहती एका गावातून दुसऱ्या गावात बिनदिक्कत गेल्या. श्वासनलिकेत राहणारा सूक्ष्म कोळी सापडल्याचं १९२१ मध्ये प्रसिद्ध झालं. सगळा दोष त्या कोळ्याचाच होता का, यावर पुढे संशोधकांनी शंका घेतली, तो वाद अजून मिटलेला नाही. इंग्लंड-वेल्समध्ये फाउलब्रूड या अळ्यांच्या रोगाविरुद्ध कायदेशीर आदेश निघायला तर १९४२ उजाडलं. संघ होता, दात नव्हते.

दात म्हटले की मला सर्वांत अवघड वाटणाऱ्या आक्षेपाकडे यावं लागतं. दात असलेला संघ हवाय कुणाला? आज माझी पेटी उघडून पाहणारा शेजारी उद्या ती जाळा म्हणाला तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकन फाउलब्रूडमध्ये पेटी जाळतातच. रोगी कोठडीत काडेपेटीची काडी घालून हळू ओढली की मेलेल्या अळीचा तपकिरी चिकट रस दोन-तीन सेंटिमीटर तारेसारखा ताणला जातो, आणि ती तार दिसली की तपासणाराही गप्प होतो. या रोगाच्या जिवाणूचे बीजाणू लाकडात, मेणात, मधात दशकानुदशकं जिवंत राहतात. प्रतिजैविक दिलं तर लक्षणं दबतात, बीजाणू तसेच राहतात, आणि ती पेटी निरोगी म्हणून विकलीही जाते. न्यूझीलंडने १९९८ मध्ये यासाठी देशव्यापी योजना केली. प्रतिजैविकं बंद, सापडलेली वसाहत नष्ट, आणि योजना राबवायची जबाबदारी मधपाळांच्याच राष्ट्रीय संघटनेवर, खर्च मधपाळांच्याच आकारणीतून. आज तिथे हा रोग शंभरातल्या एकाही वसाहतीत सापडत नाही इतका खाली आहे.

तरी ज्याची पेटी जळते त्याचं काय? इथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. नुकसान एकट्याचं आणि फायदा सगळ्यांचा, अशी व्यवस्था टिकत नाही. माणूस रोग लपवायला लागतो. इंग्लंड-वेल्सच्या मधपाळांनी यावर शोधलेला तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो. त्यांनी स्वतःचीच रोगविमा कंपनी काढली. सभासदांच्या वर्गणीबरोबर थोडा हप्ता जातो आणि फाउलब्रूडमुळे पेटी नष्ट करावी लागली तर भरपाई मिळते. कळवणाऱ्याचा खिसा फाटत नाही म्हटल्यावर तो कळवतो. जाळण्याचा अधिकार आणि भरून देण्याची तरतूद जिथे सोबत नाहीत, तिथे दात असलेल्या संघाला मीही विरोध करीन.

संघ असला की सगळं निभावतं, असंही कुणी समजू नये. ऑस्ट्रेलियात व्हरोआ पहिल्यांदा पसरला तो जून २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदराच्या परिसरातून. तिथे मधपाळांची राष्ट्रीय परिषद खर्चात वाटेकरी होती म्हणून निर्णयाच्या टेबलावरही होती. हजारो पेट्या नष्ट झाल्या, मालकांना भरपाईची सोय झाली, आणि एवढं करूनही सप्टेंबर २०२३ मध्ये निर्मूलन सोडून व्यवस्थापनाकडे वळावं लागलं. हरलेच. पण हरताना कुणाच्या पेट्या किती गेल्या आणि कोळी कुठवर पोचला, याची नोंद होती. वाइट बेटाच्या वेळी तीही नव्हती.

कॅनडाचं उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण ते माझ्या बाजूचं नाही. व्हरोआच्या भीतीने १९८७ मध्ये कॅनडाने अमेरिकेतून येणाऱ्या माश्यांच्या जिवंत पार्सलांना सीमा बंद केली. थंडीत ज्यांच्या वसाहती मरतात त्यांना वसंतात स्वस्त माश्या हव्या असतात. ज्यांच्या तगतात त्यांना बंदीच सोयीची. इतकी वर्षं झाली तरी मधपाळ आपसात भांडतायत आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. अशा वेळी संघ "मधपाळांचं हित" म्हणतो तेव्हा कुठल्या मधपाळांचं? बहुधा ज्यांच्याकडे पेट्या जास्त आणि सभेला यायला सवड जास्त, त्यांचं. हा धोका खरा आहे. कार्यकारिणीत वीस-वीस वर्षं तीच नावं, अनुदानाच्या यादीत ओळखीची माणसं, नवख्याने प्रश्न विचारला की "आधी दोन वर्षं काम करा" असं उत्तर: हे सगळं मी पाहिलं आहे. त्याची वकिली मला करायची नाही. पण त्यावर उपाय संघ मोडणं हा नाही. पदाला मुदत घाला, पाच पेट्यांवाल्याला आणि पाचशे पेट्यांवाल्याला मत एकच द्या, यादी फळ्यावर लावा. एवढं साधं काम करायचं सोडून लोक संघच नको म्हणतात, तेव्हा त्यांचा राग मला समजतो, हिशेब समजत नाही.

आणि संघ स्वतःच्या फायद्याविरुद्धही बोलू शकतो. लंडनमध्ये पेट्या ठेवायची हौस इतकी वाढली की फुलं पुरेनाशी झाली, रानमाश्यांच्या वाट्याचं अन्न पाळीव माश्या खाऊ लागल्या. तिथल्या मधपाळ संघानेच जाहीर भूमिका घेतली की मधमाशी वाचवायची असेल तर पेटी ठेवू नका, फुलझाडं लावा. नवा सभासद म्हणजे नवी वर्गणी. तरीही येऊ नका म्हणायला जिगर लागते, आणि परिसरात पेट्या किती नि फुलं किती याचा अंदाज असावा लागतो. एकटा मधपाळ फार तर स्वतःच्या पेट्या मोजतो.

राहिला शेवटचा प्रश्न, जो सभेत सर्वांत मोठ्या आवाजात विचारला जातो: सभासद नसलेल्यांवर आमचे पैसे का? इथे मला लंडनच्याच अग्निशमनाचा इतिहास आठवतो. १६६६च्या आगीनंतर विमा कंपन्यांनी आपापले बंब ठेवले, विमा असलेल्या घरांवर धातूच्या पाट्या ठोकल्या. पण विमा नसलेल्या घराची आग विमा असलेल्या घरावर यायला किती वेळ लागतो? कंपन्यांनी १८३३ मध्ये बंब एकत्र केले. १८६१ मध्ये टूली स्ट्रीटच्या गोदामांना मोठी आग लागली, त्या दलाचा प्रमुख ब्रेडवूड तिच्यात गेला आणि हे आपल्याला झेपत नाही असं कंपन्यांनी सरकारला कळवून टाकलं. १८६६पासून दल सार्वजनिक झालं. त्यात परोपकार कमी आणि आकडेमोड जास्त होती.

माझ्या त्या शेजाऱ्याच्या बाबतीत आम्हीही आकडेमोडच केली. पुढच्या हंगामात संघाने त्याच्या आठही पेट्यांना पट्ट्या फुकट दिल्या, वेळापत्रकाचा कागद दिला, काका बरणी आणि पिठीसाखर घेऊन जाऊन आले. सभेत त्यावरून एका सभासदाने माझ्याशी बोलणं सोडलं. शेजाऱ्याने अजून वर्गणी भरलेली नाही, विचारलं की पुढच्या वर्षी म्हणतो. या हंगामात त्याच्या पेटीतल्या तीनशे माश्यांमागे दोन कोळी निघाले. माझ्याकडे तीन.